बुवांनी उतारा खाल्ला

ये गं, अशी जवळ ये. नात ना तू माझी? मग दारातल्या खुर्चीवर जनगणनेवाल्या बाईसारखी टेकून काय बसलीस? इथं ये, गादीपाशी. मला उजव्या कानानं कमी येतं, डाव्या बाजूला बस.

आणि परवा लग्नाच्या पंगतीत हे काय केलंस? सगळ्यांदेखत मोठ्यानं विचारलंस, "आजी, तुझे गुरू म्हणजे ते उतारे खाणारे अघोरी ना?" वाढप्याच्या हातातला वरणाचा डाव हवेतच थांबला. विहीणबाईंनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी पदराखाली कवटी घेऊन जेवायला बसले होते. अगं, विचारावं, पण घरी येऊन विचारावं. तोंडात श्रीखंड असताना मेल्या माणसाची राख कशाला उकरायची? बरं, उकरलीस ती उकरलीस, वर उत्तर न ऐकता आइस्क्रीम आणायला पळालीस. हे तर मला मुळीच आवडलं नाही.

आता उत्तर ऐक. मला सजवून सांगता येत नाही. शाळा मी बाहेरूनच पाहिली. अक्षरं शिकले ती वाण्याच्या पुड्यांच्या कागदावरून, त्यामुळे माझं निम्मं ज्ञान मधेच फाटलेलं असतं. पण ही गोष्ट फाटकी नाही. ही मी डोळ्यांनी पाहिली आहे.

आधी उतारा म्हणजे काय ते सांगते, तुम्हाला आता कुठून ठाऊक असणार. घरात कुणी आजारी पडलं आणि औषधानं गुण येईना, की त्याच्यावरून दहीभात, नारळ, लिंबू असं काहीबाही ओवाळायचं आणि तिन्हीसांजेला तिठ्यावर नेऊन ठेवायचं. माणसाचा आजार त्या अन्नात उतरतो, म्हणून तो उतारा. ठेवून आलं की मागं वळून पाहायचं नाही. वाटसरूनं तो ओलांडायचा नाही. कावळ्याकुत्र्यांनी खाल्ला तर खाल्ला, पण माणसानं शिवायचं नाही. ज्यानं शिवला, त्याच्यामागे तो आजार लागला. आमच्याकडे दूधपित्या पोरालासुद्धा हे कळायचं.

आमचे बुवा असे उतारे सांगण्यात नावाजलेले. बदलापूरला नदीच्या अंगाला, भातखाचरांच्या कडेला, पेंढ्यानं शाकारलेल्या झोपडीत एकटेच राहायचे. बुटका बांधा, एका डोळ्यात फूल पडलेलं. गळ्यात माळ नाही, कपाळाला भस्म नाही, ओठांत बिडी मात्र कायम. लोक त्यांच्याबद्दल काय काय बोलत! लढाईच्या दिवसांत ते मिलिटरीच्या कॅम्पात पाणक्या होते आणि तिथं आसामकडून परतलेल्या कुणा शिपायानं त्यांना कामरू देशाची मंत्रविद्या दिली. कुणी म्हणे, त्यांनी बायकोला मारलं आणि तिचंच भूत पाळलं. मी एकदा सरळ विचारून टाकलं. म्हणाले, "बायको पटकीनं गेली, पोरी. मला माझंच पोट पाळवत नाही, भूत कुठलं पाळू?" आणि त्याच दुपारी एका गावकऱ्यानं तेच विचारलं, तर त्याला म्हणाले, "पाळलंय ना! भांडी घासतं, पण राख फार वापरतं." असा माणूस. आपल्याबद्दलचं खरं-खोटं त्यांनी स्वतःच असं कालवून ठेवलं होतं की पुढं कुणालाच ते निवडता आलं नाही.

मी त्यांच्याकडे कशी गेले? माझी पहिली मुलगी सहा महिन्यांची होऊन गेली. ती गेली आणि माझी वाचाच बसली. मुकी नाही झाले, पण बोलावंसंच वाटेना. तुझे पणजोबा-पणजी बदलापूरकडचे, शेतकरी. तुझे आजोबा अंबरनाथला आगपेट्यांच्या कारखान्यात लागले म्हणून आम्ही इकडे खोली घेऊन राहायचो. सासूबाई मला हाताला धरून बुवांकडे घेऊन गेल्या. मला वाटलं, आता हा धूर करणार, केस ओढणार, झाडूनं मारणार. तसं करणारे होतेच तेव्हा. बुवांनी माझ्याकडे पाहिलं आणि झोपडीतल्या जात्याकडे बोट दाखवलं. "नाचणी दळायची आहे. मला बाई माणूस नाही. दळशील?"

मी दळायला बसले. ते बाहेर बिडी ओढत. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. जात्यावर बसलं की बाईच्या तोंडून ओवी यायचीच गं, ती काही आपण म्हणत नाही, हातच म्हणतो. एके दिवशी माझ्या ओवीत माझ्या मुलीचं नाव आलं. जातं थांबलं आणि मी जी रडले! बुवा बाहेरून म्हणाले, "थांबू नको. पीठ जाडं राहतंय." बस्स, तेव्हापासून जी बोलायला लागले ती आजतागायत. घरच्यांना वाटतं बुवांनी काम जरा जास्तच केलं.

तेव्हापासून मी त्यांची शिष्या. कानात मंत्र नाही, गंडा नाही, काही नाही. आठवड्यातून एकदा जायचं, दळायचं, येणारी माणसं आणि बुवांचं काम पाहायचं.

सगळंच चांगलं होतं असं मी म्हणणार नाही हं. एका घरात पाठोपाठ गुरं मेली, तर बुवांनी तिथल्या नव्या सुनेवर बोट ठेवलं, हिच्या पायानं आलंय म्हणून. ती पोर माहेरी गेली ती गेलीच. मी म्हटलं, "बुवा, बिचारीनं काय केलं होतं?" तर माझ्यावर खेकसले. ते मी विसरले नाही. गुरू म्हणून त्यांच्या पायावर डोकं ठेवायचे, पण त्या पोरीची आठवण आली की डोकं जरा उशिरा खाली जायचं.

मग देश मोकळा झाला आणि फाळणीचे लोक आले. लढाईतल्या मिलिटरी कॅम्पाच्या त्या लांबच लांब बराकी ओस पडल्या होत्या, त्यांत सिंधी निर्वासितांना आणून ठेवलं. त्याचंच पुढं उल्हासनगर झालं. पाच नंबरचा कॅम्प आमच्या खोलीपासून चालत जाण्याजोगा. एकेका बराकीत कितीतरी कुटुंबं, मधे गोणपाटाचे पडदे. आमची माणसं त्यांना बिचकायची आणि ती आम्हाला. सासूबाई म्हणायच्या, "त्यांचं बोलणं म्हंजे तापल्या तव्यावर पाणी शिंपडल्यावानी." पण त्यांच्या बायका पापड लाटून विकायला आमच्या दारी यायच्या, तेव्हा भाव करताना दोन्हीकडच्या बायकांना एकमेकींचं सगळं बोलणं बरोबर कळायचं.

त्याच सुमाराला तुझा मोठा मामा तापानं आजारी पडला. आज तो ढेरी सांभाळत फिरतो, पण तेव्हा दोन वर्षांचा होता. अंगावर मांस म्हणून राहिलं नव्हतं. कारखान्याच्या डॉक्टरची बाटली संपली, दुसरी आणली, ताप हटेना. एक मूल मी मातीत ठेवून आले होते. माझ्या डोळ्याला डोळा लागत नव्हता. बुवांनी येऊन पोराला पाहिलं आणि उतारा सांगितला. नव्या तांदळाचा दहीभात, नारळ, गूळ, लिंबू आणि कणकेचा दिवा. म्हणाले, "सुपात ठेव. कॅम्पाकडच्या तिठ्यावर जा. आणि मागं बघू नको."

मी दही घरी लावलं. आजारी पोराचं म्हणून भात असा मऊ शिजवला, वर गुळाचा खडा ठेवला, कडेनं हळदकुंकू वाहिलं. सूप पोरावरून ओवाळलं आणि तिन्हीसांजेला तिठ्यावर नेलं. दिवा लावला, हात जोडले आणि पाठ फिरवून घरी आले. मागं पाहिलं नाही.

आणि सकाळी पोरानं डोळे उघडून पेज मागितली! अंग गार. सासूबाई देवापुढं, मी चुलीपुढं, दोघी रडतोय. मनात म्हटलं, आज पोराला काहीतरी चांगलंचुंगलं करू, म्हणून मी भाजी आणायला कॅम्पाकडे गेले.

पहिल्याच बराकीच्या भिंतीवर माझं सूप टांगलेलं.

माझंच. त्याच्या कोपऱ्याला मी लाल खणाचा तुकडा शिवला होता. धुऊन, पुसून, उन्हात वाळत घातलेलं. मी तिथंच उभी राहिले. तेवढ्यात आतून एक म्हातारी आली. पांढरी ओढणी, नाकात मोठा मोती, एवढीशी मूर्ती. तिला पुढं सगळे अम्मा म्हणायचे, मीही अम्माच म्हणते. ती माझ्या तोंडाकडे बघून हसली. "तेरा है? कल तूने रखा था?"

मी मान हलवली. तिनं माझे दोन्ही हात धरले. तिच्या मोडक्या हिंदीतून मला हळूहळू जे कळलं, ते असं. त्यांच्या देशात दरियाच्या देवाला अशीच पूजा करतात. थाळीत कणकेचा दिवा, तांदूळ, नारळ, गोड काहीतरी. ती वाजतगाजत पाण्यापर्यंत नेतात आणि मागून सगळ्यांना प्रसाद वाटतात. देश सुटल्यापासून तिनं ती थाळी पाहिली नव्हती. आणि काल संध्याकाळी कॅम्पाच्या तोंडाशी तिला तिठ्यावर दिवा तेवताना दिसला! तिला वाटलं, या मुलखातल्या कुणा भल्या बाईनं निर्वासितांसाठी पूजा ठेवली आहे. तिनं पदर पसरून प्रार्थना केली, सूप डोक्यावर धरून आणलं आणि सगळ्या बराकीत प्रसाद वाटला. मोठा वाटा नातीला, कारण पोरीला दही आवडतं. ती आणि नात, एवढ्याच दोघी उरल्या होत्या त्यांच्या घरात.

"बहुत अच्छा दही था," अम्मा म्हणाली. "घर का?"

मी म्हटलं, "हां." दुसरं काय म्हणणार?

तिनं सूप काढलं, आत गेली आणि खडीसाखर घालून घेऊन आली. रिकामं भांडं परत करत नाहीत, त्यांच्यातही नाही नि आपल्यातही नाही. आता माझी गत बघ. आजार तिठ्यावर ठेवून आले होते, तो धुऊनपुसून, वर खडीसाखर घालून कुणीतरी माझ्या हातात देत होतं. घ्यावं तर घरी पोर नुकतं उठलेलं. नाही घ्यावं तर म्हातारीचा हात पुढं आलेला. मी घेतलं. आणि घेता घेता पडद्याआड पाहिलं, तर चारपाच वर्षांची पोर गोधडीत मुटकुळं करून पडलेली.

"इसको क्या हुआ?"

"थोड़ा बुखार है. सुबह से."

सकाळपासून! माझ्या पोराचा ताप सकाळी उतरला होता.

घरी गेलेच नाही मी. सूप घेऊन रेल्वेच्या रुळांच्या कडेनं थेट बदलापूरची वाट धरली. जाताना एकच डोक्यात. माझं वाचलं ते दुसरीच्या घरातून उचलून आणलं का मी? त्या म्हातारीचं तर ते एकच उरलं होतं.

बुवा दारात बिडी ओढत होते. मी म्हटलं, "बुवा, उतारा खाल्ला."

"कुत्र्यानं?"

"माणसानं. लहान पोरीनं. तिला ताप भरलाय."

माझी खात्री होती की ते हसतील, नाहीतर एखादा अंगारा देतील. पण बुवांचा चेहरा उतरला. त्यांनी बिडी जमिनीवर घासून विझवली. तेव्हा मला कळलं, हा माणूस लोकांना फसवत नव्हता. जे सांगत होता ते सगळं त्याला खरं वाटत होतं. खोटं वाटत असतं तर तो असा घाबरला नसता.

"काही उरलंय का त्यातलं?" त्यांनी विचारलं.

"नारळाची अर्धी कवड उरलीय, असं म्हातारी म्हणाली."

"चल."

भर दुपारी, गावातून, खडीसाखर माझ्या पदरात ओतून, ते सूप डोक्यावर उलटं धरून बुवा माझ्यापुढं चालत निघाले. लोक दारांत येऊन पाहायला लागले.

बराकीत अम्मानं काय करावं? घरी पाहुणा आला की सिंधी माणूस आधी पापड आणि पाणी पुढं करतो. तिनं बुवांना पोत्यावर बसवलं, पापड भाजला, पाणी दिलं. बुवांनी पापडाला हात लावला नाही. मिलिटरीत शिकलेल्या हिंदीत त्यांनी तिला सगळं खरं सांगून टाकलं. हा प्रसाद नव्हता माई. या बाईच्या पोराचा आजार होता. मीच तो काढून ठेवायला सांगितला होता.

मी डोळे मिटून घेतले. म्हटलं, आता ही मला शाप देणार.

अम्मानं पोरीची गोधडी सारखी केली. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "तेरा बच्चा ठीक है?"

"हां."

"और वो चावल, वो दही... तूने कुत्ते के लिए रखा था?"

"हां, अम्मा."

"इतना अच्छा दही! कुत्ते को!" आणि ती अशी चिडली गं! आजाराचं राहिलं बाजूला, तिला दह्याचाच राग. हिंदी संपली तशी सिंधीत सुरू झाली. शेजारच्या पडद्यांमागून बायका डोकावल्या, त्यांनाही तिनं सांगितलं, त्याही माझ्याकडे बघून कपाळावर हात मारायला लागल्या. बुवा मधे बसलेले, त्यांना कुणी विचारीना.

शेवटी ते म्हणाले, "माई, तो नारळ आण."

अम्मानं कवड आणली. बुवांनी ती मांडीवर ठेवली, डोळे मिटून काहीतरी पुटपुटले आणि फोडून खाल्ली. सगळी. चावून चावून. उतारा सांगणाऱ्यानं स्वतःच तो गिळला तर आजार त्याच्याकडे परत येतो, असं त्यांच्या विद्येत होतं. पण जो गिळतो त्याची विद्याही जाते, असंही होतं. हे मला त्यांनी नंतर सांगितलं. तेव्हा मी नुसती पाहत होते, आणि दारात जमलेली बदलापूरची दोनचार माणसंही पाहत होती. मागोमाग आलीच होती ती. त्यांतला एक थुंकला आणि म्हणाला, "भगतानं उतारा खाल्ला. बाटला." मग बुवांनी पापड उचलला, तोही खाल्ला, आणि पाणी प्याले.

पण पोर काही उठली नाही. संध्याकाळी थंडी वाजून ताप चढला. दुसऱ्या दिवशी अम्माचं हसणं, चिडणं सगळं गेलं. ती पोरीच्या उशाशी पदर पसरून बसली ती बसलीच. हे सगळं मला मागून कळलं. कॅम्पाच्या दवाखान्यातला डॉक्टर आला, त्यानं कडूजहर औषध दिलं. बाहेर बुवांना बघून म्हणाला, "हे कोण? यांना इथून हलवा." बुवा उठून पलीकडच्या भिंतीला जाऊन बसले. म्हणाले, "तुम्ही आतलं बघा, साहेब. मी बाहेरचं बघतो."

"बाहेर काय आहे?"

"काही येत नाही ना, तेच बघतो."

डॉक्टरला हसू आलं. पुन्हा त्यानं हलवा म्हटलं नाही.

इकडे घरी सासूबाईंनी मला उंबऱ्याबाहेर पाऊल टाकू दिलं नाही. "उतरलेलं परत घरात आणशील! पोर कसंबसं उभं राह्यलंय. जायचं नाय." मी म्हटलं, "आई, ती पण पोरच आहे." त्या म्हणाल्या, "मला काय कळत नाय? माझ्याच मांडीवर गेलीय आपली पोर. पण जायचं नाय." त्यांचंही बरोबरच होतं गं. मी नुसती घरातल्या घरात फिरायचे. पोराला भरवताना घास त्याच्या तोंडात जायचा आणि माझ्या डोळ्यांपुढं ती गोधडी. त्याच्या गालांवर थोडं मांस दिसायला लागलं, तर मला आनंदही होईना धड. वाटायचं, हे मांस कुणाचं?

असे काही दिवस गेले. नक्की किती ते आठवत नाही, फार गेले असं वाटतं. एका सकाळी मी अंगणात धुणं वाळत घालत होते. समोरून बुवा आले. दाढी वाढलेली, डोळे खोल गेलेले. मला वाटलं, संपलं. माझ्या हातातलं ओलं लुगडं तसंच मातीत पडलं.

बुवा म्हणाले, "उठली. केळं मागतेय."

मी मट्कन खाली बसले. रडू येत होतं की हसू तेच कळेना. छातीवरून दगड उचलला म्हणतात ना, तसं नाही. मला वाटलं मला इतके दिवस श्वासच घेता आला नव्हता आणि आता कुणीतरी म्हणालं, घे. सासूबाई दारात उभ्या होत्या, त्यांनी सगळं ऐकलं. त्या बुवांवर ओरडल्या, "मागतेय तर देत का नाय? माझ्याशी काय बोलत उभा ऱ्हायलायस?" आणि आतून केळ्यांची फणी घेऊन आल्या. देवासाठी आणून ठेवलेली होती ती. माझ्या हातात देऊन म्हणाल्या, "जा. पळ. आणि त्या म्हातारीला सांग, दही मी लावलेलं नव्हतं, नायतर आणखी चांगलं झालं असतं."

मी बुवांना वाटेत विचारलं, "तुम्ही खाल्लं म्हणून बरी झाली, की डॉक्टरच्या औषधानं?"

ते म्हणाले, "मला माहीत नाही. आणि आज मला माहीत करून घ्यायचंही नाही. आज मी झोपणार आहे." आणि खरंच, बराकीच्या सावलीत आडवे झाले ते संध्याकाळपर्यंत घोरत होते.

पण बदलापूरनं त्यांना सोडलं नाही. पंच बसले. उतारा खाल्ला, सिंध्याच्या हातचं पाणी प्याला, आता याचे उतारे लागायचे कसे? प्रायश्चित्त घे म्हणाले. बुवा म्हणाले, "कशाचं? पापडाचं?" मग लोकांनी एके दिवशी त्यांच्या झोपडीचा पेंढा उपसून टाकला. ते काही न बोलता जातं तेवढं बैलगाडीत घालून पाच नंबर कॅम्पाच्या कडेला राहायला आले. अम्मानंच बराकीमागं जागा काढून दिली. अंबरनाथचे शिकलेले लोक तर आधीपासूनच त्यांना भोंदू म्हणत. म्हणजे देवभोळे म्हणत हा बाटला, आणि शहाणे म्हणत हा फसवतो. मधे आम्ही चारदोन माणसं उरलो.

त्या सुनेचंही सांगायचं राहिलं, जिला माहेरी घालवलं होतं. कॅम्पात आल्यावर बुवा स्वतः तिच्या माहेरी गेले आणि अंगणात उभं राहून मोठ्यानं म्हणाले की मी चुकलो होतो. सासरच्यांनी तिला परत नेलं नाहीच. पण पुढं तिचं दुसरीकडे लग्न झालं, बरं झालं.

आणि उतारे? ते बंद नाही केले बुवांनी. त्यांनी रीत बदलली, आणि तेच लोकांना सगळ्यांत जास्त खुपलं. ते म्हणायचे, तिठ्यावर ठेवायचं नाही. दिवसाउजेडी माणसाच्या हातावर द्यायचं, आणि देताना काय आहे ते तोंडानं सांगायचं. घेणारा राजी असला तरच द्यायचं. मीठ-मसाला आधी आपण चाखायचा. मला वाटलं, जाणूनबुजून कुणाचा आजार घ्यायला कोण येणार?

अम्मा आली ना! पदर सावरून बसायची आणि विचारायची, "हां बेटी, आज किसका बुखार खाना है?" एखादी आमच्याकडची बाई पानात बांधलेला घास घेऊन पुढं व्हायची, "अम्मा, माझ्या नवऱ्याचा पाठीचा..." अम्मा पान उघडून बघायची. "पीठ का दर्द? और भाजी में तेल इतना कम? इससे तो दर्द बढ़ेगा!" सगळ्या बायका हसायच्या. ती रडत आलेली बाईसुद्धा. मग अम्मा तो घास खायची, पोरांना वाटायची, आणि त्या बाईच्या डोक्यावरून हात फिरवायची. नवऱ्याची पाठ राहिली की नाही देव जाणे, पण ती बाई आली तशी जायची नाही. दुसऱ्या खेपेला भाजीत तेल जास्त असायचं.

हे आहे ते उतारे खाणं. कुणी याला अघोरी म्हणो. कुणी असंही म्हटलं की याने गावाला भीती घालून निर्वासितांची पोटं भरली. असेलही. मी विचारलं होतं त्यांना तसं. नेहमीसारखं कालवलेलं उत्तर दिलं. मला म्हणाले विद्या आहे, शेजारच्याला म्हणाले भूक आहे.

बुवा गेले ते चांगले जेवून, दुपारी, बराकीच्या सावलीत. लोक म्हणाले, इतक्यांचे आजार खाल्ले, ते शेवटी उठले पोटातून. मी म्हणते, बिड्या. अम्मा त्यांच्यानंतरही पुष्कळ जगली. तिनं तर त्यांच्यापेक्षा जास्त खाल्ले होते.

ती पोर? अगं, ती तर आता माझ्यासारखीच आजी झाली आहे. उल्हासनगरलाच असते, गुडघे दुखतात, तरी महिन्यातून एकदा रिक्षानं माझ्याकडे येते. येताना डबा असतोच. तिला पाहिलं की आजही माझा श्वास पुन्हा एकदा मोकळा होतो. तुझ्या मामापेक्षा ती दोनतीन वर्षांनी मोठी, पण दोघं सारखेच जाडे झालेत, आणि मला ते फार बरं वाटतं. मी कुणाचं मांस कुणाला दिलं नाही, हे असं समोर बसून जेवताना दिसतं.

आता तू निघशील, तुझी गाडी असेल, कायम असतेच. पण पुढच्या महिन्यात ती येईल तेव्हा तू ये. आधी फोन कर, म्हणजे मी दही लावून ठेवीन. तूच विचार तिला, तोंडानं विचार, माझे गुरू कोण होते म्हणून. पण आमची दोघींची वयं बघ आणि उशीर नको करू. लवकर ये गं.